जेट एंजिनाच्या मर्यादा आणि वैमानिकाचा हात

विमान चालविण्याची विद्या ही धाडसाची विद्या होय, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. ती अगदींच खोटी आहे असें नाहीं. परंतु जेट विमानें जेव्हां प्रथम लष्करी शिक्षणांत आलीं, तेव्हां शिकाऊ वैमानिकाला जो पहिला धडा मिळाला तो धाडसाचा नव्हता, मर्यादेचा होता. अमुक उष्णतामानाच्या पुढें जाऊं नये, अमुक फेऱ्यांच्या पुढें जाऊं नये, पूर्ण जोर अमुक मिनिटांपेक्षां अधिक वेळ ठेवूं नये, आणि हात घाईनें पुढें ढकलूं नये, असे ते नियम होते. ऐकावयास ते रुक्ष वाटतात. पण त्यांतील कित्येक नियम कोणाच्या तरी कटु अनुभवांतून, आणि कांहीं तर मनुष्याच्या प्राणाचें मोल देऊन लिहिले गेले आहेत. ते कां जन्मास आले व त्यांनीं वैमानिकाला काय शिकविलें, एवढेंच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

जेटपूर्वींच्या पिढीनें ही विद्या पंख्याच्या विमानावर घेतली. दुसऱ्या महायुद्धांत हजारों तरुण ‘हार्वर्ड’ नांवाच्या अमेरिकन विमानावर तयार झाले. त्या विमानाचें एंजिन वैमानिकाच्या समोर असे. तें धडधडे, थरथरे, आणि कांहीं बिघडावयाचें असलें तर बहुधा आधीं कुरकुरे. अनुभवी वैमानिकाला एंजिनाची प्रकृति कानानें आणि आसनाला टेकलेल्या पाठीनें कळत असे. जेट विमानांत बसतांच या जुन्या ओळखीच्या खुणा नाहींशा झाल्या. एंजिन पाठीमागें गेलें, त्याचा बहुतेक आवाज मागें राहूं लागला, आणि थरथर जवळजवळ थांबली. नव्या वैमानिकांना हें मोठें सुख वाटलें. पण त्या सुखाबरोबर एक सोबतीहि हरपला. आतां एंजिनाचें मन जाणून घेण्यास मुख्यतः दोन तबकड्या उरल्या : एक फेऱ्यांची आणि दुसरी मागील नळींतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या उष्णतामानाची.

या दोन तबकड्यांवरील लाल रेघा तेथेंच कां ओढल्या, हें समजण्यास एंजिनाची रचना थोडी पाहिली पाहिजे. तत्त्वतः ती सोपी आहे. पुढून हवा आंत येते. काँप्रेसर नांवाचें वेगानें फिरणारें चक्र तिला दाबून ज्वलनकक्षांत लोटतें. तेथें इंधन फवारलें जातें व ज्वाला अखंड जळत राहते. तापून फुगलेला वायु मागें धांवतो. जातां जातां टर्बाइन नांवाचें पात्यांचें चाक फिरवितो आणि नळींतून बाहेर पडतो. त्याच्या प्रतिक्रियेनें विमान पुढें जातें. टर्बाइन आणि काँप्रेसर एकाच दांड्यावर बसविलेले असल्यामुळें टर्बाइन फिरलें कीं काँप्रेसर फिरतो, आणि चक्र अव्याहत चालूं राहतें.

या साऱ्या व्यवस्थेंत सर्वांत कठीण काम टर्बाइनच्या पात्याकडे आलेलें आहे. ज्वालेच्या गाभ्यांत उष्णतामान सुमारें २००० अंश सेंटिग्रेड असतें. तींत जादा हवा मिसळून टर्बाइनपाशीं येईपर्यंत वायु त्या काळच्या एंजिनांत सुमारें ८०० अंशांवर आणीत असत. म्हणजे पातें लाल होण्याइतकें तापे. आतां नुसता हिशेब करून पाहा. चाकाच्या मध्यापासून एक फूट अंतरावर असलेलें पातें मिनिटाला ११,००० फेरे घेत असलें, तर त्यावर बाहेरच्या दिशेनें पडणारी ओढ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या ४१,००० पट होते. १०० ग्रॅम वजनाचें पातें म्हणजे ४ टनांहून अधिक ओढ! भट्टींतून काढलेल्या लाल आंकड्याला ४ टनांचें ओझें टांगावें, आणि तें तासन् तास टांगून ठेवावें, असा हा प्रकार आहे. शिवाय ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. फेरे शेंकडा ५ नीं वाढले कीं ओढ शेंकडा १० नीं वाढते. म्हणून फेऱ्यांची लाल रेघ थोडी ओलांडणें हें दिसतें तितकें थोडें नसतें.

अशा अवस्थेंतील धातु एकदम तुटत नाहीं. तो हळूहळू ताणला जातो. पातें केंसाकेंसानें लांब होत जातें. हें लांब होणें उष्णतामानावर अवलंबून असतें, तसेंच काळावरहि अवलंबून असतें. उष्णतामान थोडें वाढलें तरी ताणण्याचा वेग पुष्कळ वाढतो. ब्रिटनमध्यें महायुद्धाच्या काळांत निकेल व क्रोमियम यांचा ‘निमोनिक’ नांवाचा मिश्रधातु खास या पात्यांसाठीं तयार करण्यांत आला. जर्मनींत तेव्हां अशा धातूंची टंचाई होती. १९४४ सालीं लढाईंत उतरलेल्या ‘मेसरश्मिट २६२’ या जेट विमानाचें ‘यूमो ००४’ एंजिन त्यामुळें १० ते २५ तासांत निकामी होई. या विमानाची शिक्षणासाठीं दोन आसनांची आवृत्तीहि निघाली. पंख्याच्या विमानांवर मुरलेल्या वैमानिकांना तेथें प्रथम सांगावें लागे तें हें, कीं थ्रॉटलचा दांडा अगदीं सावकाश पुढें न्यावा. नाहीं तर एंजिन जळेल किंवा विझेल.

पूर्ण जोराला मिनिटांची मर्यादा कां असते, हें आतां सहज लक्षांत येईल. कांहीं जुन्या एंजिनांत ही मर्यादा १५ मिनिटांची, तर कांहींत ३० मिनिटांची असे. याचा अर्थ एकतिसाव्या मिनिटाला एंजिनाचा स्फोट होतो असा नव्हे. सावकाराच्या वहींत व्याज चढत जावें तसें पात्याचें ताणलें जाणें त्याच्या आयुष्याच्या खात्यावर चढत असतें. मर्यादा आंखणाऱ्या एंजिनियरानें या खात्याचा हिशेब करून अमुक तासांचें आयुष्य ठरविलेलें असतें. मिनिटांची मर्यादा पाळली तर तो हिशेब खरा ठरतो. न पाळली तर खोटा ठरतो, आणि तो खोटा ठरला आहे हें वरून कोणाला दिसत नाहीं.

एंजिन सुरू करतांनाचा धोका निराळा आहे. १२ एप्रिल १९३७ रोजीं इंग्लंडांतील रग्बी येथें फ्रँक व्हिटल यांनीं आपलें पहिलें जेट एंजिन चालवून पाहिलें. व्हिटल हे स्वतः रॉयल एअर फोर्समधील वैमानिक. एंजिन सुरू झालें, आणि आवरेना! इंधनाची तोटी बंद केली तरी फेरे वाढतच चालले, आवाज चढत गेला, आणि भोंवतालची मंडळी पळत सुटली. मागाहून कारण सांपडलें. आधींच्या तयारींत गळलेलें इंधन एंजिनाच्या आंत तळाशीं सांचून राहिलें होतें, व तें जळून संपेपर्यंत एंजिन कोणाच्याच आज्ञेंत नव्हतें.

ज्यांच्या घरीं पूर्वीं पंपाचा स्टोव्ह होता त्यांना याचें आश्चर्य वाटणार नाहीं. बर्नर पुरेसा तापण्यापूर्वींच पंप मारला तर रॉकेलची वाफ होत नाहीं. तें तसेंच वर येऊन वाटींत सांचतें, आणि मग ज्योत एकदम वर झेंप घेते. जेट एंजिनाचेंहि असेंच आहे. फेरे पुरेसे वाढण्यापूर्वीं इंधन अधिक गेलें, किंवा ठिणगीला उशीर झाला, तर आंत हवा थोडी व इंधन फार, अशी स्थिति होऊन उष्णतामान क्षणांत रेघेबाहेर जातें. म्हणून विद्यार्थ्याला शिकवीत कीं, सुरू करतांना दृष्टि उष्णतामानाच्या कांट्यावरून हलवूं नये. कांटा झपाट्यानें चढूं लागला तर तो रेघेला पोंचण्याची वाट पाहूं नये. त्यापूर्वींच इंधन तोडावें. फेरे मध्येंच अडकून राहिले आणि उष्णता मात्र वाढत चालली, तरीहि तेंच करावें. आणि एंजिन पेटलेंच नाहीं तर चिडून लागलीच दुसरा प्रयत्न करूं नये. आंत सांचलेलें इंधन निघून जाईपर्यंत थांबावें.

यापुढचा धडा हाताचा. पंख्याच्या विमानांत थ्रॉटल पुढें केला कीं पंखा तत्काळ हवा कापूं लागतो, आणि त्याचा वारा पंखांवरून वाहूं लागल्यानें विमानाला तेथल्या तेथें उचल मिळते. चूक झाली तर हात तिला सांवरून घेतो. जेटमध्यें तसें होत नाहीं. दगडी जातें ज्यांनीं ओढलें असेल त्यांना ठाऊक आहे कीं, फिरतें जातें फिरत ठेवण्यास जोर थोडा लागतो, पण थांबत आलेलें जातें पुन्हां वेगास आणण्यास वेळ लागतो. काँप्रेसर आणि टर्बाइन यांचें जड चक्र मंद फेऱ्यांवरून पूर्ण फेऱ्यांवर येण्यास सुरुवातीच्या कांहीं एंजिनांत दहा सेकंद किंवा त्याहूनहि अधिक लागत. दर तासाला १२० सागरी मैल वेगानें उतरणीस लागलेलें विमान दहा सेकंदांत ६०० मीटरांहून अधिक अंतर तोडतें. धांवपट्टी समोर आहे, उंची कमी पडते आहे, आणि मागितलेला जोर अजून वाटेंत आहे! कित्येक अपघातांचें मूळ याच दहा सेकंदांत होतें.

शिवाय फेऱ्यांचा आंकडा वैमानिकाला फसवितो. फेरे निम्मे असले म्हणजे जोरहि निम्मा असेल असें वाटतें. परंतु ढोबळ मानानें पाहतां तो अष्टमांशच असतो. बहुतेक सारा जोर शेवटच्या थोड्या फेऱ्यांत दडलेला असतो. तो एकदम हवा म्हणून दांडा झटकन् पुढें ढकलला तर चक्राला वेग येण्यापूर्वींच इंधन आंत जातें. मग तीनांपैकीं एक कांहीं तरी घडतें : उष्णतामान मर्यादा ओलांडतें, किंवा काँप्रेसरांतील हवेचा प्रवाह उलटून एंजिन धाडधाड दणके देऊं लागतें, किंवा ज्वालाच विझते. म्हणजे जोर ज्या क्षणीं अत्यंत हवा, त्याच क्षणीं घाईचा हात तो घालवून बसतो.

उंचावर ज्वाला विझली तर ती पुन्हां पेटवितां येते, परंतु तेथेंहि उतावीळपणा उपयोगी पडत नाहीं. विरळ हवेंत ठिणगी नीट धरत नाहीं, म्हणून विमान पुरेसें खालीं येऊं द्यावें लागतें. समोरच्या वाऱ्यानें एंजिनाचे फेरे योग्य तितके राहतील असा वेग ठेवावा लागतो. आणि मग ठरलेल्या क्रमानें इंधन द्यावें लागतें. उंची हीच तेव्हां वैमानिकाची शिल्लक असते. ज्याचें मन स्थिर असतें त्याला ती पुरते.

या साऱ्यावरून विद्यार्थ्याला एक नियम पक्का करून देण्यांत आला. उतरतांना फेरे ठराविक आंकड्याच्या खालीं जाऊं देऊं नयेत. आणि उतरणें जमत नाहीं असें वाटलें तर निर्णय लवकर घ्यावा, कारण जेटमध्यें हातानें गरजेच्या आधीं चालावें लागतें. १२ ऑक्टोबर १९५४ रोजीं प्रथम उडालेल्या अमेरिकन ‘सेस्ना टी-३७’ या शिक्षणविमानांत तर यासाठीं एक गमतीची योजना होती. त्याचीं दोन लहान एंजिनें मूळ फ्रेंच ‘मार्बोरे’ एंजिनाच्या घराण्यांतलीं; वेग घेण्यास मंद. म्हणून उतरतांना बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोतांत लहान झडपा आडव्या येत. त्यामुळें फेरे चढेच राहत, पण जोर कमी होई. जोर हवा झाला कीं झडपा बाजूस होत, आणि चढलेल्या फेऱ्यांचा जोर हाताशीं तयार असे. एंजिनाचा स्वभाव बदलतां येत नाहीं, तेव्हां तो ओळखून व्यवस्था करणें, हेंच येथें शहाणपण ठरलें.

आतां या नियमांच्या मागें असलेल्या माणसांकडे वळूं. ‘लॉकहीड पी-८०’ हें अमेरिकेचें आरंभींचें लढाऊ जेट विमान. २० ऑक्टोबर १९४४ रोजीं मायलो बर्चम हा कंपनीचा मुख्य चांचणी-वैमानिक उड्डाण करतांच इंधनाचा मुख्य पंप बंद पडला व तो मृत्यु पावला. अशा प्रसंगासाठीं विमानांत दुसरा पंप नुकताच बसविला होता. पण त्याची माहिती बर्चमला कोणीं दिलेली नव्हती. २० मार्च १९४५ रोजीं टोनी लव्हिअर हा दुसरा वैमानिक याच जातीचें विमान चालवीत असतां टर्बाइन फुटलें आणि विमानाचें शेपूट तुटून गेलें. लव्हिअर छत्रीच्या साह्यानें बाहेर पडला, परंतु त्याच्या पाठीला भयंकर दुखापत झाली. पुढें ६ ऑगस्ट १९४५ रोजीं, म्हणजे हिरोशिमावर अणुबाँब पडला त्याच तारखेस, रिचर्ड बाँग हा वैमानिक कॅलिफोर्नियांत पी-८० घेऊन उडाला. बाँगनें महायुद्धांत ४० शत्रुविमानें पाडलीं होतीं. इतकीं दुसऱ्या कोणाहि अमेरिकन वैमानिकानें पाडलीं नव्हतीं. उड्डाण होतांच मुख्य पंप बंद पडला. दुसरा पंप होता, त्याची कळहि समोर होती. पण ती लावावयाची राहून गेली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

बर्चमला कळ ठाऊक नव्हती. बाँगला ती त्या क्षणीं आठवली नसावी. शौर्य किंवा कौशल्य यांत दोघेहि उणे नव्हते. पण नव्या यंत्राला जुन्या कीर्तीची ओळख नसते. एकट्या माणसाला एका आसनाच्या जेटमध्यें बसवून ‘जा, शीक’ म्हणणें किती महाग पडतें, हें अशा घटनांनीं पुढें आणलें. २२ मार्च १९४८ रोजीं पी-८० चें धड सुमारें तीन फूट लांबवून, मागें शिक्षकाचें आसन घालून बनविलेलें विमान प्रथम आकाशांत गेलें. पुढें ‘टी-३३’ या नांवानें तें प्रसिद्ध झालें. निरनिराळ्या देशांत मिळून अशीं ६,५५७ विमानें बांधलीं गेलीं, आणि कित्येक राष्ट्रांच्या वैमानिकांनीं जेटचा पहिला धडा त्यांवर घेतला. त्या पहिल्या उड्डाणाचा वैमानिक कोण होता? टर्बाइन फुटून ज्याची पाठ दुखावली होती तोच टोनी लव्हिअर.

ब्रिटनमध्यें १९५५ सालीं हलाव्हिंग्टन येथें ‘जेट प्रोव्होस्ट’ या विमानावर एक प्रयोग झाला. मुलांना प्रारंभापासूनच जेटवर शिकवून पाहावें, असा तो प्रयोग होता. जुन्या लोकांना शंका होती, पण प्रयोग यशस्वी झाला. पंख्याच्या विमानाची संवय हाताला लागलेलीच नसल्यामुळें ती मोडण्याचा प्रश्न येथें उरला नाहीं. या विमानांतील ‘व्हायपर’ एंजिनाची कथाहि ऐकण्यासारखी आहे. तें मूळचें अल्पायुषी. तोफांच्या व अस्त्रांच्या नेमबाजीसाठीं उडविण्यांत येणाऱ्या ‘जिंडिव्हिक’ नांवाच्या निर्मनुष्य विमानासाठीं तें निर्माण झालें होतें. वापरावें आणि गमवावें, एवढीच अपेक्षा. त्यांत सुधारणा करून मनुष्याचा जीव ज्यावर सोंपवावा असें दीर्घायुषी एंजिन त्यांतून घडविण्यांत आलें.

याच व्हायपर एंजिनाचा संबंध आपल्या देशाशीं येतो. भारतीय वायुदलांत पहिलीं जेट विमानें, म्हणजे ‘व्हँपायर’, १९४८ सालीं आलीं. पुढें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्यें आपलेंच जेट शिक्षणविमान बांधण्याचें ठरलें. त्या कार्याचें नेतृत्व डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं केलें. महाराष्ट्रांत जन्मलेले घाटगे जर्मनींतील गॉटिंगन येथें प्राध्यापक प्रांट्ल यांच्या हाताखालीं वायुगतिशास्त्र शिकले होते. ‘एच-टी २’ हें पंख्याचें शिक्षणविमानहि त्यांच्याच नेतृत्वाखालीं तयार झालें होतें. त्यांचें ‘किरण’ विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजीं प्रथम उडालें. त्यांत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीं शेजारीं बसत. ही मांडणी सोयीची खरी. विद्यार्थ्याचा हात थ्रॉटलवर कसा चालतो आणि दृष्टि कोणत्या कांट्यावर आहे, हें शिक्षकाला मान न वळवितां दिसतें.

आतां माझ्या मतें या विषयांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. शिक्षणाच्या तळावर एकच विमान दिवसभरांत अनेक विद्यार्थी नेतात. सकाळीं एखाद्याच्या हातून उष्णतामान रेघेपुढें गेलें. दहाच सेकंद. कांटा परत आला, विमान सुखरूप उतरलें, कोणीं पाहिलें नाहीं. पात्याला झालेली इजा बाहेरून दिसत नाहीं. एंजिन दुपारीं पूर्वींसारखेंच सुरू होतें. पण त्या दहा सेकंदांचें देणें फेडावयाचें राहिलेलें असतें, आणि तें ज्यानें केलें त्याच्याकडूनच वसूल होईल असा नेम नाहीं. कदाचित् महिन्यानें दुसराच कोणी मुलगा त्या आसनांत बसलेला असेल. म्हणून, रेघ किती ओलांडली आणि किती सेकंद ओलांडली, हें उतरतांच वहींत लिहावें व एंजिन तपासणीस द्यावें, असा दंडक आहे. त्या ओळीला लिहिणाऱ्याच्या मानापमानाशीं कर्तव्य नाहीं. ती न पाहिलेल्या माणसासाठीं लिहिलेली असते.

आज इंधनाचें माप पुष्कळ एंजिनांत गणकयंत्र ठेवतें. वैमानिकानें दांडा झटकन् पुढें ढकलला तरी तें यंत्र एंजिनाला सोसेल तितकेंच इंधन सोडतें, आणि मर्यादा ओलांडली गेलीच तर तिची नोंद स्वतःच करून ठेवतें. पहिल्या जेट-विद्यार्थ्यांचा संयम आणि त्यांचा प्रामाणिकपणा, हे दोन्ही आतां कांहीं अंशीं यंत्रांत उतरविले गेले आहेत, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तरी ती नोंद वाचून त्या दिवशीं विमान खालीं ठेवावयाचें कीं नाहीं, हें ठरविणारा अखेर मनुष्यच असतो. त्याला त्या लाल रेघेचा अर्थ ठाऊक असला पाहिजे. आणि तो अर्थ ज्यांनीं प्राण वेंचून आपणांस दिला, त्यांचें स्मरणहि असलें पाहिजे.